हेलिकॉप्टर विकत घेणे आणि ते उडते ठेवणे: सैन्यदलांचे गणित नेमके कुठे चुकते?

मृण्मयी_स (धागाकर्ती)

जून २०२२ मध्ये नॉर्वेने एनएच-९० हेलिकॉप्टरांचा करार रद्द केला, मिळालेली यंत्रे परत न्यावीत असे उत्पादकांना कळवले आणि दिलेले पैसे परत मागितले. चौदा हेलिकॉप्टरांची मागणी २००१ मध्ये नोंदवली होती. तटरक्षक दल आणि पाणबुडीविरोधी फ्रिगेटी (मध्यम आकाराच्या युद्धनौका) यांना मिळून वर्षाला ३,९०० तासांचे उड्डाण हवे होते आणि प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत सरासरी सुमारे ७०० तासच मिळत होते, असे तिथल्या संरक्षण खात्याने जाहीर केले. हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. नॉर्वेकडे पैसा आहे, अभियंते आहेत, खवळलेल्या समुद्रावर हेलिकॉप्टरे चालवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. तरीही वीस वर्षांनी त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि पुढच्या वर्षी सहा अमेरिकन एमएच-६०आर हेलिकॉप्टरे घेण्याचे ठरले.

माझा प्रश्न असा आहे की सैन्यदल हेलिकॉप्टर विकत घेते तेव्हा त्याने सर्वांत आधी काय विचारायला हवे, आणि ते विचारायचे राहून का जाते? वेग, पल्ला आणि शस्त्रे यांना अवाजवी वजन दिले जाते अशी माझी समजूत आहे. परंतु मी या क्षेत्रातली नाही, तेव्हा जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गरुडझेप

ताई, तुमच्या समजुतीशी मी अर्धाच सहमत आहे. कागदावरची क्षमता महत्त्वाचीच असते, फक्त ती कोणत्या हवेत मोजली आहे हे पाहावे लागते. समुद्रसपाटीवर, थंड हवेत बारा सैनिक उचलणारे हेलिकॉप्टर उन्हाळ्याच्या दुपारी डोंगरावर पाच-सहाच सैनिक उचलू शकते, कारण हवा विरळ झाली की पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही त्याच वेळी घटते. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न हा की किती उंचीवर, किती तापमानात, किती वजन, किती अंतरावर न्यायचे आहे. ज्या सैन्याने हा प्रश्न काटेकोरपणे विचारला त्याला उत्तरही नेमके मिळाले. फ्रान्सचे लामा हे हेलिकॉप्टर भारतीय सैन्याच्या उंच पर्वतांवरील गरजेतून जन्माला आले. अलुएट-२ चा हलका सांगाडा आणि अलुएट-३ चे ताकदवान इंजिन, अशी त्याची साधी कल्पना होती. २१ जून १९७२ रोजी जाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन बंद पडले आणि केवळ ऑटोरोटेशनच्या बळावर, म्हणजे खालून येणाऱ्या हवेने पाती फिरती ठेवून, ते सुखरूप उतरले. हेच यंत्र चीता या नावाने सियाचेनच्या चौक्यांना अन्न आणि रॉकेल पोहोचवत राहिले. त्यात ना संगणक, ना क्षेपणास्त्रे. गरज ओळखून केलेली निवड होती, म्हणून ती टिकली.

कुतूहल

फार छान माहिती. एक बाळबोध शंका आहे. विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टरला देखभाल इतकी जास्त का लागते?

दहाचा_पाना

शंका बाळबोध नाही, या धाग्याचे मूळच तिच्यात आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमानाचा पंख स्थिर असतो. हेलिकॉप्टरचा पंख फिरतो, फिरता फिरता वरखाली आणि मागेपुढे हलतो, आणि प्रत्येक फेरीत त्याचा कोन बदलतो. ब्लॅक हॉक या अमेरिकन हेलिकॉप्टरच्या इंजिनातला पॉवर टर्बाइन मिनिटाला सुमारे वीस हजार फेरे घेतो, तर वरचा रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचा संच, २५८. मधली सगळी घट मुख्य गिअरबॉक्स करतो, आणि हेलिकॉप्टरचे संपूर्ण वजन त्याच्याच माथ्यावर टांगलेले असते. इंजिने दोन असतात, हायड्रॉलिकच्या प्रणाली दोन-तीन असतात, पण मुख्य गिअरबॉक्स एकच. त्याला पर्याय बसवता येत नाही. पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट, पात्यांचे दांडे, शेपटीच्या रोटरकडे जाणारा शाफ्ट, हे सगळे त्याच जातीचे भाग. एक तुटला तर वैमानिकाच्या हाती काही उरत नाही. भरीला अखंड कंप. उड्डाण सुरू असेपर्यंत प्रत्येक नट, प्रत्येक नळी, प्रत्येक तार थरथरत असते.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाच्या मागे घड्याळ लावलेले असते. काही भाग उड्डाणाच्या तासांवर बदलतात, काही इंजिन किती वेळा सुरू-बंद झाले त्यावर, तर काही न उडताही केवळ वर्षे उलटली म्हणून उतरवावे लागतात. रबराचे भाग आणि सील उभ्या यंत्रातही म्हातारे होतात. हँगरमध्ये उभे असलेले हेलिकॉप्टर जपून ठेवलेले असते अशी बाहेरच्यांची समजूत असते, प्रत्यक्षात ते दिवसेंदिवस उड्डाणापासून दूर जात असते.

आता मृण्मयीताईंच्या प्रश्नाकडे येतो. हेलिकॉप्टरे किती घेतली हे महत्त्वाचे नाही, उद्या सकाळी किती उडतील हे महत्त्वाचे. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलीस सोडवण्यासाठी अमेरिकेने आखलेली मोहीम आठवावी. निमिट्झ या नौकेवरून आठ आरएच-५३डी हेलिकॉप्टरे निघाली, मोहिमेला किमान सहा हवी होती. एकाच्या पात्यात तडा असल्याचा इशारा मिळाल्याने ते वाळवंटातच सोडावे लागले, दुसरे धुळीच्या वादळातून परत फिरले, तिसऱ्याची हायड्रॉलिक प्रणाली मुक्कामावर पोहोचल्यावर निकामी ठरली. पाच उरली आणि मोहीम रद्द झाली. माघारीच्या वेळी एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळून आठ जण मृत्युमुखी पडले. त्या मोहिमेत शत्रूच्या गोळीने एकही हेलिकॉप्टर पाडले नव्हते.

खलाशी

दहाचा_पाना काकांच्या प्रतिसादात समुद्राची भर घालतो, कारण नॉर्वेची हेलिकॉप्टरे मुख्यतः समुद्रावरचीच होती. नौकेवरच्या हेलिकॉप्टरला मीठ खाते. उड्डाण संपले की गोड्या पाण्याने इंजिन आणि सांगाडा धुणे, विद्युत जोडण्यांवर संरक्षक लेप देणे, सांध्यांमधली गंजाची सुरुवात टॉर्च घेऊन शोधणे, हे रोजचे काम. जमिनीवर दोन शिफ्टमध्ये होणारे काम नौकेच्या हँगरमध्ये, जिथे पाती दुमडूनही दोन्ही बाजूंना जेमतेम हात शिरतो तिथे, डोलत्या डेकवर करायचे असते.

एक आठवण द्यावीशी वाटते. लहान युद्धनौकेवर मोठे हेलिकॉप्टर वादळी समुद्रातही उतरवता यावे म्हणून कॅनडाच्या नौदलाने १९६० च्या दशकात ‘बेअरट्रॅप’ ही पद्धत विकसित केली. हेलिकॉप्टरखालून केबल सोडायची, ती डेकवरच्या यंत्रणेला जोडायची आणि यंत्राला खाली ओढून सापळ्यात पकडायचे. पुढे इतर नौदलांनीही तिचा अवलंब केला. ज्यांनी ही पद्धत शोधली त्याच कॅनडाला पुढे नवे हेलिकॉप्टर मिळवायला किती वर्षे लागली, हे कोणीतरी लिहावे.

करारनामा

खलाशी यांनी विषय काढलाच आहे, तर मी लिहितो. संरक्षण खरेदीच्या कागदपत्रांचा अभ्यास हा माझा कामाचा भाग आहे.

कॅनडाला सी किंग हेलिकॉप्टरे १९६३ पासून मिळू लागली. त्यांच्या जागी १९९२ मध्ये ईएच-१०१ निवडले गेले. १९९३ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने तो करार रद्द केला. त्यानंतर २००४ मध्ये सायक्लोन या हेलिकॉप्टरच्या २८ यंत्रांचा करार झाला, आणि शेवटचे सी किंग डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाले. एका निर्णयामुळे वैमानिकांनी आणि तंत्रज्ञांनी वडिलांच्या पिढीतले यंत्र पंचवीस वर्षे जास्त ओढले.

गरुडझेप यांच्या ‘आधी गरज ठरवा’ या मताशी माझा थोडा मतभेद आहे. गरज इतकी बारकाईने ठरवली जाते की जगात कोणाकडेही नसलेले यंत्र मागवले जाते, हा आजार मला अधिक घातक वाटतो. ब्रिटनने १९९५ मध्ये विशेष दलांसाठी आठ चिनुक एचसी-३ मागवली. चिनुक हे दोन रोटरांचे अवजड मालवाहू हेलिकॉप्टर, जगभर सिद्ध झालेले यंत्र, पण त्यात जुन्या आणि नव्या उपकरणांची स्वतंत्र सरमिसळ मागितली गेली. उड्डाणाच्या सॉफ्टवेअरची सुरक्षितता ब्रिटिश नियमांनुसार तपासण्यासाठी लागणारी माहिती मात्र कराराच्या अटींत नव्हती. २००१ पासून यंत्रे आली, तपासणी होऊ शकली नाही, आणि ढगांपासून दूर व जमिनीच्या खुणा दिसतील इतपतच उडण्याची परवानगी मिळाली. अफगाणिस्तानात सैनिक हेलिकॉप्टरांची वाट पाहत असताना ही आठ यंत्रे वातानुकूलित हँगरमध्ये उभी होती. शेवटी नवी उपकरणे काढून ती जुन्या प्रकाराच्या पातळीवर आणली गेली आणि मग सेवेत आली.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचे सीस्प्राइट हेलिकॉप्टर हे याच मालिकेतले. जुन्या सांगाड्यांवर अत्याधुनिक उपकरणे बसवण्याचा अकरा यंत्रांचा करार १९९७ मध्ये झाला आणि मार्च २००८ मध्ये सारे रद्द झाले. तीच यंत्रे २०१३ मध्ये न्यूझीलंडने घेतली आणि वापरली, कारण त्यांच्याकडे त्याच जातीची हेलिकॉप्टरे, ती जाणणारे तंत्रज्ञ आणि मर्यादित अपेक्षा होत्या.

गरुडझेप

करारनामा, आपले म्हणणे मला पटते आणि तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. सिद्ध झालेले यंत्र जसेच्या तसे घ्यावे असे म्हटले, तर लामा जन्मालाच आले नसते. तिथेही वेगळी गरज होती आणि वेगळे यंत्र मागवले होते. फरक असा की तिथे दोन जुळणारे, माहितीतले भाग एकत्र आणले आणि बाकी सगळे वगळले. चिनुक एचसी-३ मध्ये भर घातली गेली. खरेदीदाराने काय मागितले यापेक्षा काय सोडून दिले, हे पाहावे असे मला वाटते.

उल्का

सर्वांचे प्रतिसाद आवडले, पण मूलभूत शंका उपस्थित करते. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये आपली लढाऊ आणि टेहळणी हेलिकॉप्टरे टप्प्याटप्प्याने काढून त्यांचे काम ड्रोनकडे सोपवण्याचे ठरवले. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ रोजी होस्टोमेलच्या विमानतळावर उतरताना रशियाची हेलिकॉप्टरे खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांना बळी पडली. मग खरेदी आणि देखभालीच्या आधी ‘हेलिकॉप्टर हवेच का’ हा प्रश्न नको का?

गरुडझेप

प्रश्न योग्य आहे, पण तो नवा नाही. मार्च २००३ मध्ये इराकमधील करबलाजवळ अमेरिकेची सुमारे तीस अपाची लढाऊ हेलिकॉप्टरे रात्रीच्या हल्ल्याला गेली. घरांच्या गच्च्यांवरून साध्या बंदुकांचा भडिमार झाला, एक हेलिकॉप्टर शत्रूच्या हद्दीत उतरवावे लागले आणि परत आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर गोळ्यांच्या खुणा होत्या. याउलट १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे आठ अपाचींनी इराकची दोन रडार केंद्रे उद्ध्वस्त करून आखाती युद्धाला सुरुवात केली, तेव्हा त्यांना मार्ग दाखवायला वेगळी हेलिकॉप्टरे होती आणि लक्ष्य आधीपासून अभ्यासलेले होते. यंत्र तेच होते, वापरण्याची रीत वेगळी होती.

युक्रेनमध्येही २०२३ च्या उन्हाळ्यात रशियाची का-५२ हेलिकॉप्टरे दुरून क्षेपणास्त्रे सोडून रणगाड्यांना थोपवत होती. मग त्यांना हवेत गाठण्याऐवजी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी बेर्दियान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर, जमिनीवर उभी असताना मारले गेले. पोलंडने ऑगस्ट २०२४ मध्ये ९६ अपाचींचा करार केला. म्हणजे जपान आणि पोलंड एकाच युद्धाकडे पाहून विरुद्ध निर्णयांवर आले आहेत. जखमींना उचलणे आणि रस्ता नसलेल्या जागी माणसे पोहोचवणे या कामांत तर ड्रोनने अजून हेलिकॉप्टरची जागा घेतलेली नाही.

मृण्मयी_स

उल्का, हा विषय स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे. येथे घेतलेले यंत्र उडते कसे ठेवावे यावर राहू या. काका, एक विचारायचे आहे. गिअरबॉक्सला पर्याय नाही असे आपण लिहिलेत, तर मग तो बिघडतो आहे हे आधी कळते तरी कसे?

दहाचा_पाना

गिअरबॉक्सच्या तेलात लोहचुंबक बसवलेले असते. दात किंवा बेअरिंग झिजू लागले की धातूचे बारीक कण त्याला चिकटतात, विद्युत मंडल पूर्ण होते आणि कॉकपिटमध्ये इशारा दिसतो. यालाच चिप डिटेक्टर म्हणतात. पुष्कळ यंत्रांत त्या बारीक कणाला विजेचा झटका देऊन वैमानिकाला तो जाळताही येतो. कण जळला तर ती नेहमीची झीज, पुन्हा पुन्हा कण येत असतील तर काहीतरी तुटते आहे. सोबत कंप मोजणारे संवेदक असतात, जे कंपाच्या नोंदीवरून कोणता दात बिघडतो आहे हे ओळखण्याचा प्रयत्न करतात. शिवाय तंत्रज्ञ तेलाचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवतो.

ही व्यवस्था दोन बाजूंनी कशी अपुरी पडते त्याची दोन उदाहरणे मला विसरता येत नाहीत. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ एका प्रवासी ईसी-२२५ हेलिकॉप्टरचा संपूर्ण रोटर उड्डाणात निखळला आणि तेरा जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका ग्रह-चक्राच्या (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) पृष्ठभागाखाली तडा वाढत गेला होता, आणि त्यातून इतके थोडे कण सुटले की इशारा मिळालाच नाही. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकेचे ऑस्प्रे (रोटर वळवून विमानासारखेही उडणारे यंत्र) कोसळले आणि आठ जण गेले. त्या दिवशी कणांचे इशारे एकापाठोपाठ आले होते आणि तरीही उड्डाण चालू ठेवले गेले. चौकशीने गिअरबॉक्सचा बिघाड आणि तो निर्णय, दोन्हींना कारण ठरवले. एकीकडे यंत्र बोलले नाही, दुसरीकडे बोललेले पुरेसे ऐकले गेले नाही. दुसऱ्या प्रकारचा धोका कमी करणे तरी आपल्या हातात असते.

कुतूहल

वाळवंटात रात्री उतरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांभोवती सोनेरी कडे चमकताना छायाचित्रांत दिसते. तेही झिजेचेच लक्षण आहे का?

दहाचा_पाना

होय. पात्याच्या पुढच्या कडेला टायटॅनियम किंवा निकेलची पट्टी असते. वाळूचे कण तिच्यावर आपटून धातूचे सूक्ष्म कण उडवतात आणि ते हवेत पेटतात. अफगाणिस्तानच्या युद्धात प्राण गमावलेल्या दोन सैनिकांच्या स्मरणार्थ छायाचित्रकार मायकेल यॉन यांनी त्याला ‘कॉप-एचेल्स परिणाम’ हे नाव दिले. छायाचित्र सुंदर दिसते, पण तंत्रज्ञाला त्यात बदलावी लागणारी पट्टी दिसते. तीच वाळू इंजिनातही जाते, म्हणून हवा आत घेण्याच्या तोंडाशी कण वेगळे करणारी यंत्रणा लावावी लागते आणि त्या बदल्यात थोडी ताकद गमवावी लागते. गरुडझेप यांच्या उंची-तापमानाच्या गणितात ही वजाबाकीही धरायला हवी.

खलाशी

काका, एक उदाहरण आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, त्यावर आपले मत हवे आहे. २५ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाजावर क्षेपणास्त्रे आदळली. तीन चिनुक, सहा वेसेक्स आणि एक लिंक्स अशी हेलिकॉप्टरे जळाली. ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ हे एकच चिनुक त्या वेळी हवेत असल्यामुळे वाचले. त्याचे सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका जहाजाबरोबर गेल्या. तरीही ते युद्ध संपेपर्यंत उडत राहिले आणि एका खेपेत त्याने ८१ सैनिक नेले. मग सुट्या भागांवाचून यंत्र चालत नाही असे कसे म्हणावे?

दहाचा_पाना

त्या तुकडीबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्या यंत्राचे वयही पाहावे. ब्रिटनकडे चिनुक नुकतीच आली होती, यंत्र जवळजवळ नवे होते, आणि युद्ध तीन आठवड्यांत संपले. नव्या यंत्राच्या घड्याळांवर शिल्लक तास भरपूर असतात. ते तास त्या तुकडीने सढळ हाताने खर्च केले, आणि तसे करणेच योग्य होते. तीन आठवडे असे चालते, तीन वर्षे चालत नाही. शिवाय उरलेली हेलिकॉप्टरे जळाल्यामुळे सैनिकांना पाठीवर ओझे घेऊन दलदलीतून पायी कूच करावे लागले, ही त्या घटनेची दुसरी बाजू आहे.

करारनामा

दीर्घ काळात काय होते याचे उदाहरण अफगाण हवाई दलात सापडते. त्यांचे तंत्रज्ञ रशियन बनावटीच्या मि-१७ हेलिकॉप्टरवर वाढलेले होते आणि त्यांची बहुतांश देखभाल स्वतः करू शकत होते. २०१७ पासून त्यांना ब्लॅक हॉक देण्यास सुरुवात झाली. ब्लॅक हॉक हे उत्तम यंत्र आहे. व्हिएतनाममधल्या अनुभवावरून त्याचे इंजिन नेहमीच्या मोजक्या हत्यारांनी उतरवता यावे असे घडवले गेले. पण त्याची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. २०२१ मध्ये कंत्राटदार निघून जाऊ लागले आणि जूनपर्यंत उड्डाणयोग्य ब्लॅक हॉकचे प्रमाण आधीच्या महिन्यांच्या सुमारे निम्म्यावर आले. ही शोकांतिका यंत्राच्या दर्जामुळे घडली नाही. ज्या हातांना ते सांभाळायचे होते त्यांना शिकायला लागणारी वर्षे दिली गेली नाहीत.

आणि प्रशिक्षण फक्त तंत्रज्ञांचे अडत नाही. जर्मनीच्या सैन्याला स्वतःची पुरेशी हेलिकॉप्टरे उपलब्ध नसल्यामुळे वैमानिकांच्या सरावासाठी २०१८ मध्ये एडीएसी या वाहनचालक संघटनेकडून हेलिकॉप्टरचे तास भाड्याने घ्यावे लागले. यंत्र उभे राहिले की माणसाचे कौशल्यही उभ्या उभ्या गंजते.

मृण्मयी_स

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येते. गरुडझेप म्हणतात आधी काम ठरवा, करारनामा म्हणतात अटी तपासा, काका म्हणतात उद्या सकाळी किती उडतील ते विचारा. या सगळ्यांतून मला असे वाटू लागले आहे की खरेदीच्या चर्चेत पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या शेजारी तंत्रज्ञ बसायला हवा आणि त्याने ‘हे कोण, कुठे, कशाने दुरुस्त करणार’ हे विचारायला हवे. माझे बरोबर आहे का, काका?

दहाचा_पाना

बरोबर आहे, पण त्यात ‘केव्हा’ हा शब्द घाला. का ते सांगतो.

कॅनडाच्या सायक्लोनचे मूळ नागरी यंत्र म्हणजे एस-९२. त्याच्या गिअरबॉक्सवर तेलाचा फिल्टर टायटॅनियमच्या तीन स्टडनी (आटे पाडलेल्या खिळ्यांनी) धरलेला होता. फिल्टर वारंवार काढ-घाल केला की स्टडचे आटे झिजतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात असेच स्टड तुटून तेल गळाले आणि ते यंत्र कसेबसे उतरले. कारण शोधले गेले. जानेवारी २००९ च्या अखेरीस उत्पादकाने सूचना काढली की पोलादी स्टड बसवा, आणि त्यासाठी एक वर्ष किंवा १,२५० उड्डाण-तास अशी मुदत दिली. १२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ समुद्रावर एका एस-९२ चे स्टड तुटले, तेल गेले आणि हेलिकॉप्टर कोसळले. अठरा जणांपैकी एक वाचला. त्या यंत्राचे स्टड अजून बदललेले नव्हते, आणि मुदत संपायला दहा महिन्यांहून अधिक अवधी होता.

तिथे दुरुस्त करणारे लोक होते, जागा होती, काय करायचे तेही लिहून आलेले होते. म्हणून तुमच्या त्या तंत्रज्ञाने करारावर सही होण्यापूर्वी हेही विचारावे की अशी सूचना आली तर आमच्या सगळ्या यंत्रांना पुरतील इतके स्टड किती दिवसांत आमच्या हातात पडतील.

खलाशी

काका, आणि नौका समुद्रात असेल तर किती दिवसांत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.